आंतरगळावर उपाय शोधणारे बासिनी

आंतरगळ म्हणजेच हर्निया, हे दुखणे माणसे फार लपवितात. जांघेत फुगवटा येतो, जड उचलताना दुखते. पण लाजेने कोणी बोलत नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही एदोआर्दो बासिनी या इटालियन शल्यवैद्यांचे चरित्र सांगत आहोत.

बासिनींचा जन्म 1844 साली पाविया शहरी झाला. 1866 मध्ये ते वैद्य झाले. त्या वेळी रोम इटलीत सामील झाले नव्हते. देशाच्या एकीसाठी बासिनी गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत गेले. 1867 च्या ऑक्टोबरात रोमजवळ व्हिला ग्लोरी येथे चकमक झाली. तीत शत्रूची संगीन त्यांच्या उजव्या जांघेत घुसली आणि आतड्याला इजा झाली. जखमेतून मळ वाहू लागला. त्यांना कैदही झाली. पुढे पावियात त्यांचे गुरू लुइजी पोर्ता यांनी उपचार केले आणि ते बरे झाले.

नंतर त्यांनी व्हिएन्नाला बिलरोथ यांच्यासारख्या नामवंतांचे काम पाहिले. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धतही त्यांनी उचलली. पुढे ते पादुआ विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी आंतरगळावर पट्टा बांधीत. शस्त्रक्रिया केली तरी अनेकांचे दुखणे उलटे, कारण पिशवी बांधली तरी पोटाची कमकुवत भिंत तशीच राही. बासिनींनी 1884 पासून नवी रीत चालविली. पिशवी काढून ते पोटाच्या स्नायूंचे थर जांघेच्या बळकट बंधाला रेशमी टाक्यांनी शिवीत. अशी मागची भिंत नव्याने उभी राही. वीर्यनलिकेपुरतीच वाट मोकळी ठेवीत.

शस्त्रक्रियेनंतरही ते रोग्यांची विचारपूस करीत. पुढे त्यांनी 262 शस्त्रक्रियांचा हिशोब जगापुढे मांडला. त्यांत दहाहूनही कमी ठिकाणी आंतरगळ परतला होता. ही रीत जगभर पसरली. 1924 साली बासिनी वारले.

आज भिंतीला जाळी लावतात. त्या काळी रोग्याला कित्येक दिवस खाटेवर पडून राहावे लागे. आता बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात आणि चालायलाही लावतात. मात्र जड ओझे उचलणे काही आठवडे टाळावे आणि मलावरोध होऊ देऊ नये. फुगवटा आत जाईना, फार दुखू लागला, ओकारी आली तर तत्काळ इस्पितळ गाठावे. आतडे अडकले तर जिवावर बेतते. घरातील वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगा.