अल्कोहोलच्या तीन खुणा

मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला. तरीही डॉ. एस. एस. धर्मट्टी यांच्याविषयी लिहावेसे वाटते, कारण भौतिकीच्या जाणकारांत परिचित असलेले हे नाव माझ्या शाळेच्या पुस्तकांत मला कधी दिसले नाही.

डॉ. धर्मट्टी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख यांच्याकडे संशोधन करीत. प्रबळ चुंबकक्षेत्रातील अणुकेंद्रे ठराविक रेडिओलहरींना साद देतात, हे ब्लॉख व पर्सेल यांनी १९४६ साली स्वतंत्रपणे दाखविले होते; त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथिल अल्कोहोल तपासले. त्यातील सहा हायड्रोजन अणूंची साद तीन ठिकाणी उमटली, प्रमाण ३:२:१. म्हणजे आपला शेजारी कोण, हे अणू स्वतःच सांगतो! धातूंच्या अणुपुंजात हायड्रोजन एकाच धातूला चिकटला आहे की दोघांमध्ये पूल झाला आहे, हे रसायनशास्त्रज्ञ आज याच वाटेने ताडतात. रुग्णालयातील एमआरआयचे मूळही येथेच.

पुढे धर्मट्टी मायदेशी परतले. डॉ. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईस, त्यांनी या शास्त्राची प्रयोगशाळा उभारली व तरुण संशोधक घडविले.

घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या मला त्यांचे हे परतणे त्या शोधाइतकेच मोठे वाटते. विद्या परक्या गावी मिळते. रुजवायला माघारी यावे लागते. मूलहून नागपूर-पुण्याकडे निघणाऱ्या आम्हा मुलांपैकी कितीजण परततील?