विश्लेषण : चांद्याचे लोखंड, जमशेटजी टाटा आणि भागधारकांचा विश्वास

गडचिरोलीतील सूरजागडच्या लोहखनिजामुळे लॉइड्स मेटल्सचा शेअर चर्चेत आला. २०२०च्या सुरुवातीला दहा रुपयांच्या आत असलेला भाव २०२४च्या अखेरीस हजारापलीकडे गेला. अशी तेजी पाहिली की अनेकांना प्रत्येक पेनी स्टॉकमध्ये पुढचे सूरजागड दिसू लागते. पण खनिजाच्या स्वप्नावर पैसा लावताना प्रवर्तक कसा पारखावा? सूरजागड ज्या जुन्या चांदा जिल्ह्यात होते, तिथल्याच लोखंडाच्या मागे लागलेल्या जमशेटजी टाटांचे आयुष्य यासाठी पाहण्याजोगे आहे.

सट्ट्याचा फटका कसा बसला?

३ मार्च १८३९ रोजी नवसारीत जन्मलेले जमशेटजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. अमेरिकी यादवीमुळे कापूस महागला आणि मुंबईत शेअरचा सट्टा पेटला. १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते आणि हातातल्या हुंड्या कवडीमोल झाल्या होत्या. त्यांनी धनकोंपुढे सगळी स्थिती उघड केली. धनकोंनी हिशेब मिटवण्याचे काम महिना २० पौंडांवर त्यांच्याकडेच सोपवले.

नागपूर का निवडले?

१८७४ मध्ये त्यांनी १५ लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी काढली. कापूस पिकतो तिथेच गिरणी, हा हिशेब होता. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली.

चांद्यात काय घडले?

१८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. जवळच वरोऱ्याचा कोळसा होता, पण चाचणीत तो पोलादासाठी योग्य ठरला नाही. खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या. नियम सैल झाल्यावर त्यांनी अमेरिकी तज्ज्ञांची मदत घेतली. १९०४ मध्ये मुलगा दोराबजी आणि भूवैज्ञानिक वेल्ड यांनी चांद्याचे रान पालथे घातले. खनिज चांगले, पण विखुरलेले निघाले आणि चांद्याचा बेत सोडावा लागला. त्याच वर्षी १९ मे रोजी जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले.

भागधारकांचा पैसा कधी आला?

पुढे मयूरभंजमध्ये मोठा साठा सापडला. त्यानंतरच, १९०७ मध्ये, टाटा आयर्न अँड स्टीलचे शेअर विक्रीला आले. सुमारे ८,००० भारतीयांनी तीन आठवड्यांत भांडवल उभे केले. फसलेल्या चांद्याच्या बेतावर सामान्यांचा एक रुपयाही लागला नव्हता.

आज काय तपासावे?

साठा मोजला आहे का, खाणपट्टा मिळाला आहे का आणि माल बाहेर काढायला रस्ता आहे का, हे आधी पाहावे. प्रवर्तकांचा हिस्सा किती आणि त्यातील किती तारण आहे, हे दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिसते. भाव वाढत असताना सगळेच प्रवर्तक भले वाटतात. नुकसान झाल्यावर आणि खनिज न सापडल्यावर ते काय करतात, त्यावरून खरी पारख होते.