साने गुरुजी अन् पंढरीचं दार



शंभर वर्षांच्या पुस्तकात बहुतेक जण आपल्या फडावरच्या थोर विणेकऱ्यांवर लिहितील. मी एका मास्तरावर लिहितो. गळ्यात वीणा नव्हती, पण पंढरीचं दार उघडायला ते गाणाऱ्यांना संगं घेऊन गावोगाव फिरले.

पांडुरंग सदाशिव साने. जन्म कोकणातल्या पालगडचा, 24 डिसेंबर 1899. नाव विठोबाचंच. घरची गरिबी, आई लवकर गेली. शिकून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. आपला कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, अन् तिथून पुढं अमळनेर. तवा घाटाच्या वर निजामाचं राज्य, खाली इंग्रजाचं, पण माणसं अन् बोली जवळचीच. वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणं गोळा करणारा हा मास्तर 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेला. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीता सांगायचे, ती गुरुजींनी लिहून घेतली. आज आपण वाचतो ती गीताप्रवचने त्यांच्याच हातची. श्यामची आई तर घरोघर आहे, तिच्यावर काय लिहू.

खरी गोष्ट पुढची. चोखोबांचे अभंग आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. वाटेनं चालताना टाळ एक, ठेका एक, ध्रुपद सगळ्यांनी उचलायचं. पण महाद्वारापाशी आलं की चोखोबांच्याच लेकरांनी बाहेर, समाधीजवळ उभं राहायचं. चोखोबा गेल्याला सहाशे वर्षं झाली तरी तेच. आमच्या लहानपणी गावच्या सप्त्यात सुद्धा टाळ धरायला सगळे चालायचे, पंगतीला मात्र काहींना लांब बसवायचे. गाण्यात एक अन् जेवायला दोन, हे मला पोरवयातच खटकायचं.

गुरुजींनी 1946 साली उपासाला बसायचं ठरवलं. सेनापती बापट वगैरे मंडळी म्हणाली, आधी लोकांकडं जाऊ. मग सहा महिने ते महाराष्ट्रभर फिरले. बरोबर राष्ट्र सेवा दलाची गाणारी पोरं होती, त्याला कलापथक म्हणायचे. गाणी, पोवाडे व्हायचे अन् गुरुजी बोलायचे. कितीतरी गावांनी त्या फेरीत देवळं अन् पाणवठे खुले केले.

आता यात गाण्याचं काय काम, असं कुणी म्हणंल. मी कीर्तन करतो म्हणून सांगतो. नुसतं भाषण ऐकताना माणूस हाताची घडी घालून बसतो, मनात उत्तर जुळवतो. पण पाठीमागं म्हणायला लागला की श्वास शेजाऱ्याच्या श्वासाला लागतो. कुणी पुढं पळालं तर ठेका मोडतो, म्हणून सगळ्यांना एकमेकांचं ऐकावंच लागतं. त्या घडीला शेजारी कोण उभाय ते विचारायला सवड नसते. तरी गाण्यानं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पंढरीचे बडवे काही गाण्यानं हलले नाहीत.

म्हणून 1 मे 1947 ला गुरुजी उपासाला बसले. पंढरीत त्यांना बसायला जागा देईनात. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. महाराज वारकरीच, आपल्याच लोकांचा राग पत्करून दिला, हे आपण विसरू नये. गांधीजींना कुणी वेगळंच कळवलं होतं, त्यांनी उपास सोडायची तार केली. गुरुजी गांधीजींना फार मानायचे, तरी उठले नाहीत. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले. दहाव्या दिवशी, 10 मे ला बडव्यांनी कबूल केलं अन् उपास सुटला. त्याच सालात मुंबई सरकारचा मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. काही महाराज मंडळींनी पुढं राउळात जाणं सोडलं, कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरायची. त्यांची निष्ठा मोठी होती, ज्ञान मोठं होतं, पण माझ्या मते त्या बाबतीत त्यांचा ठेका चुकला. विठोबा तर तिथंच उभा होता.

गुरुजींनी 1948 च्या 15 ऑगस्टला साधना साप्ताहिक काढलं. निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या म्हणून आंतरभारतीचा ध्यास घेतला. त्यांची प्रार्थना तर अजून शाळाशाळांत पोरं उभी राहून एका सुरात म्हणतात. 11 जून 1950 ला ते गेले. वय पन्नास.

यंदा पंढरीला गेलो की नव्या टाळकऱ्यांना तनपुरे महाराजांचा मठ दाखवायचा आहे. नामदेव पायरीपाशी चोखोबांचा अभंग झाला की तिकडं निघू. मृदंगवाल्यांनी पुढं पळू नये, म्हातारी माणसं बरोबर आहेत.