लोकांना हसवणारे अण्णाभाऊ

दरवर्षी १ ऑगस्टला नांदेड आणि लातूरच्या रस्त्यांवर मिरवणुका निघतात. पुतळ्याला हार चढतात, भाषणांत ‘फकिरा’चा उल्लेख होतो. या सगळ्यात लोकांना पोट धरून हसवणारे अण्णाभाऊ साठे मात्र कुठेच दिसत नाहीत.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. इंग्रज सरकारने मांग जातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. शाळा दीड दिवसात सुटली. पुढे कुटुंबाने पायी चालत मुंबई गाठली. अण्णाभाऊंनी हमाली केली, गिरणीत काम केले. अक्षरओळख झाली ती कामगारवस्तीत. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात काम करताना हसणाऱ्या प्रेक्षकाला विचारही ऐकवता येतो, हे त्यांना उमगले.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी आधीच तमाशाचा साचा समाजजागृतीसाठी वळवला होता. अण्णाभाऊंनी त्याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. गणातले गणेशस्तवन काढून तिथे मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिकांना वंदन आणले, गवळण वगळली. सोंगाड्याची जागा मात्र त्यांनी हलवली नाही. ‘अकलेची गोष्ट’मध्ये सावकार, ‘शेटजींचे इलेक्शन’मध्ये मते विकत घेऊ पाहणारा शेठ, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’मध्ये मंत्री असे एकेक बडे प्रस्थ त्यांनी हास्याच्या कचाट्यात पकडले. ज्यांच्यापुढे मान वर करता येत नव्हती, त्यांच्यावर हजारो कष्टकरी एकत्र हसले. भीती मोडण्याचे हे मोठे काम होते.

सत्तेला ते बरोबर कळले. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, लालबावट्याचे कार्यक्रमही रोखले. तेव्हा तोच खेळ लोकनाट्य या नावाने उभा राहिला. आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता, त्या काळात अण्णाभाऊंनी शेजारच्या तेलंगणाच्या लढ्यावर पोवाडा रचला.

‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. म्हणजे हयातीत कौतुक अजिबात झाले नाही, असे म्हणता येणार नाही. पण ते कादंबरीकाराचे झाले. विनोदकाराची दखल समीक्षेने फारशी घेतली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे गेली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, गरिबीत आणि एकाकीपणात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. टपाल तिकीट निघाले २००२ मध्ये, मॉस्कोत पुतळा बसला २०२२ मध्ये.

अमेरिकेत वर्णभेदाची खिल्ली उडवणारे कृष्णवर्णीय विनोदवीर रिचर्ड प्रायर यांना १९९८ मध्ये मार्क ट्वेन पुरस्कार मिळाला. विनोदासाठी दिल्या जाणाऱ्या या सन्मानाचे ते पहिलेच मानकरी होते. ते आजारी होते, पण हयात होते. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. वेळेवर केलेली कदर म्हणतात ती ही.

आपल्या भागात जलशांत, गायन पार्ट्यांत, माळेगावच्या यात्रेतल्या फडांत सोंगाड्याचे काम केलेले वृद्ध कलावंत आजही आहेत. शासनाच्या मानधनासाठी अर्ज भरायला मी त्यांच्यासोबत बसते, तेव्हा कार्यक्रमांचे पुरावे मागितले जातात. बैलगाडीवर उभे राहून गाव हसवणाऱ्याने कात्रणे आणायची कुठून? त्यांचा पुरावा म्हणजे आपली आठवण, आणि ती लिहून देणे आपल्या हातात आहे.

येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने आपल्या गावातल्या एका तरी अशा कलावंताला मंचावर बोलवावे, त्याची बतावणी मोबाईलवर नोंदवून ठेवावी, त्याचा अर्ज पूर्ण करून द्यावा. अण्णाभाऊंच्या बाबतीत आपल्याला उशीर झाला. यांच्या बाबतीत अजून वेळ आहे.

जयभीम!