आल्फ्रेड वेगेनर
आल्फ्रेड वेगेनर (१ नोव्हेंबर १८८०, बर्लिन – नोव्हेंबर १९३०, ग्रीनलँड) हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ व ध्रुवीय संशोधक होते. खंडवहनाच्या सिद्धान्तासाठी ते प्रसिद्ध आहेत. १९१२-१३ च्या मोहिमेत त्यांनी ग्रीनलँडच्या बर्फावर हिवाळा काढून सुमारे २५ मीटर खोल छिद्र पाडले.

१९३० मध्ये त्यांच्या मोहिमेने किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत ‘आइसमिट्टे’ हे केंद्र उभारले. तेथे रसद पोहोचवण्यास ते स्वतः गेले. शिधा सर्वांना पुरणारा नसल्याने पन्नासाव्या वाढदिवशी ते ग्रीनलँडवासी सोबती रासमुस व्हिलुमसेन यांच्यासह परत निघाले. वाटेत दोघांचाही अंत झाला. त्याच हिवाळ्यात केंद्रावर सहकारी एर्न्स्ट झोर्गे यांनी १५ मीटर खोल खड्डा खणून बर्फाचे वार्षिक थर ओळखले. बर्फाच्या थरांवरून प्राचीन हवामान जाणण्याच्या पुढील संशोधनाची ही पूर्वपीठिका मानता येते.