पारव्याची वंशावळ

कांजूरमार्ग स्टेशनावरील करडे पारवे आमच्या वाचकांनी नित्य पाहिले असतील; पण या क्षुद्र पाखरास ज्याने गुरू केले, त्या चार्ल्स डार्विनचे स्मरण क्वचितच कोणास होत असेल. 1809 त इंग्लंडात जन्मलेल्या या वैद्यपुत्राने वैद्यकाचा अभ्यास सोडला, धर्मोपदेशकाची वाटही सोडली, आणि 1831 पासून पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. 1855 त त्याने कबुतरे पाळली. लंडनच्या कबूतरबाजांत तो जाऊन बसला. हिंदुस्थानातून सर वॉल्टर एलियट यांजकडून कबुतरांची कातडी मागविली. पिसारा फुलविणारा लक्का व कोलांट्या घेणारा लोटण अशा जातींची हाडे त्याने ताडून पाहिली, त्यांचे संकर केले. तो काही पिलांच्या अंगी रानपारव्याचा निळसर रंग व पंखांवरील दोन काळे पट्टे पुन्हा उमटले! अर्थात सर्वांचा पूर्वज एकच. मनुष्याचा हात, वटवाघळाचा पंख व देवमाशाचा पर यांतही हाडांची ठेवण मुळात तीच, हे साम्य एकाच वारशाचे होय, असे त्याने 1859 च्या ग्रंथात प्रतिपादिले. 1882 त तो निवर्तला.

2023 त आमच्या देशात राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा पाठ वगळला. जेथे अजून जन्मावरून उच्चनीच ठरते, तेथील मुलांपासून सर्व जीवांचे हे गोत्र लपविणे आम्हांस घातक वाटते. पुस्तक मिटले, तरी पारव्याच्या पंखावरील पट्टे पुसले जात नाहीत.