गजानन माधव मुक्तिबोध : शाळेने नाकारलेला इतिहासकार, शाळेने स्वीकारलेला कवी

खमरिया (जबलपूर) : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जबलपूरच्या पूर्वेला खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती कामगारांची वसाहत वसली. या वसाहतीतील केंद्रीय विद्यालयात बारावीला पोहोचलेल्या अनेक पिढ्यांनी हिंदीच्या पाठ्यपुस्तकात एका मराठी माणसाची कविता अभ्यासली. ‘सहर्ष स्वीकारा है’ ही ती कविता आणि गजानन माधव मुक्तिबोध हे तिचे कवी. हेच मुक्तिबोध कधीकाळी जबलपूर शहरात शाळामास्तर होते. त्यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकावर पुढे मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, ही मात्र आज फारशी कोणाच्या स्मरणात नसलेली गोष्ट आहे.

मुक्तिबोधांचे पूर्वज जळगावचे. पणजोबांच्या काळात हे कुटुंब ग्वाल्हेर संस्थानात आले. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे गजानन यांचा जन्म झाला. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. १९३० मध्ये उज्जैन येथे मिडलच्या परीक्षेत गजानन अनुत्तीर्ण झाले. पुढे वाचनाच्या व्यापाने भल्याभल्यांना थक्क करणाऱ्या या माणसाची परीक्षांशी गट्टी कधीच जमली नाही. १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून ते बी. ए. झाले आणि नागपूर विद्यापीठाची हिंदीतील एम. ए. पदवी मिळाली तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी ओलांडली होती.

घरातील भाषा मराठी होती. धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीतच लिहिले. कवी, ‘क्षिप्रा’कार कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून ते नावारूपाला आले व १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना मिळाला. गजानन यांनी हिंदीची वाट धरली. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संग्रहातील सात कवींत त्यांचा समावेश होता. प्रभाकर माचवे हे आणखी एक मराठीभाषक कवीही त्यात होते. आधुनिक हिंदी कवितेला वळण देणाऱ्या सातांपैकी दोघांची मायबोली मराठी होती, याचा अभिमान मराठी वाचकाने बाळगायला हरकत नाही.

कवितेने मात्र पोट भरत नव्हते. शुजालपूर, उज्जैन अशा ठिकाणी त्यांनी शाळांतून अध्यापन केले. बनारसला ‘हंस’ मासिकात काही काळ काढून १९४६ च्या सुमारास ते जबलपूरला आले व हितकारिणी हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. हितकारिणी सभा ही १८६८ मध्ये स्थापन झालेली शहरातील जुनी शिक्षणसंस्था. शिक्षकी सांभाळून ते ‘जय हिंद’ या दैनिकासाठीही काम करीत. शहरातले वातावरण तापलेले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये येथील लष्करी सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील हिंदी जवानांनी बंड केले होते. वेतन तुटपुंजे आणि संसार वाढता, अशा स्थितीत १९४८ मध्ये त्यांनी नागपूर गाठले. तेथे माहिती खाते, आकाशवाणी आणि ‘नया खून’ साप्ताहिक अशा नोकऱ्या झाल्या. जबलपूरशी नाते मात्र तुटले नाही. हरिशंकर परसाई येथून काढीत असलेल्या ‘वसुधा’ मासिकात त्यांचे वाङ्मयीन डायरीलेखन प्रसिद्ध होत राहिले.

साहित्य, इतिहास आणि गणित यांच्या वेगळ्या वह्या शाळेत असतात. मुक्तिबोधांच्या मनात त्या वेगळ्या नव्हत्या. ‘ब्रह्मराक्षस’ ही त्यांची कविता याची साक्ष देते. शहराबाहेरच्या ओसाड विहिरीत कोंडलेले एका विद्वानाचे भूत तेथे सुमेर-बाबिलोनच्या लोककथा, वैदिक ऋचा आणि गणिताची प्रमेये यांचा एकाच झपाट्यात नवा अर्थ लावत असते. मार्क्स, रसेल, टॉयन्बी, गांधी त्याला मुखोद्गत असतात. पण हे सारे ऐकायला समोर कोणी नसते. शेवटी निवेदक त्या अभाग्याचा शिष्य होऊन त्याचे अपुरे काम तडीस नेण्याची इच्छा धरतो. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत हाच विचार उलट बाजूने येतो. बारा वर्षे विद्या देणारा गुरूच ब्रह्मराक्षस निघतो आणि आपले ज्ञान योग्य शिष्याच्या हाती सोपवल्यावरच त्याची सुटका होते. आयुष्याचा मोठा भाग वर्गात काढलेल्या माणसालाच हे सुचू शकते.

१९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली आणि प्रथमच थोडे स्थैर्य आले. तलावांच्या सान्निध्यातील जुन्या वास्तूत त्यांचे बिऱ्हाड होते. तेथील चक्राकार जिना त्यांच्या कवितेतही उतरला. येथे असतानाच त्यांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले. राजघराणी आणि लढाया यांच्या जंत्रीऐवजी समाज व संस्कृती यांच्या वाटचालीवर त्यात भर होता. पुस्तकामुळे चार पैसे मिळतील, ही आशाही होतीच. मात्र त्यातील काही मजकुरावरून गदारोळ उठला. धार्मिक व राजकीय गट आक्षेप घेण्यात पुढे होते, तर पाठ्यपुस्तकांच्या बाजारातील स्पर्धाही त्यामागे होती, असे त्यांच्या चरित्राचे अभ्यासक मानतात. सप्टेंबर १९६२ मध्ये शासनाने बंदी घातली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आपण लिहिलेला इतिहास मुलांच्या हाती पडू नये असे सरकारला वाटते, हा आघात त्यांच्यातील शिक्षकाला सोसवला नाही. आपल्यावर पाळत असल्याची भावना त्यांच्या मनात घर करून राहिली.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयातील उपचारांचा उपयोग होईना, तेव्हा लेखकमित्रांच्या धडपडीने आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या साहाय्याने त्यांना दिल्लीच्या एम्समध्ये हलवण्यात आले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४६ होते. तोवर त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, भारतीय ज्ञानपीठाने प्रकाशित केला. शुजालपूरच्या शाळेतील त्यांचे सहकारी आणि स्नेही नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली सहा खंडांची रचनावली १९८० मध्ये आली. बंदी आलेले इतिहासाचे पुस्तकही कालांतराने पुन्हा छापले गेले, पण ते सर्वसाधारण वाचकांसाठी. शाळेच्या अभ्यासक्रमात ते परतले नाही.